केट्स पॉइंटवरून रोज दिसणारा कमळगड: एका दिवसात, नीट तयारीने कसा चढावा

महाबळेश्वरला केट्स पॉइंटच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की खाली कृष्णेचं खोरं उघडतं. बलकवडी धरणाचं पाणी, पुढे धोमच्या जलाशयाची वळणं, काठाकाठाने भातखाचरं. सगळे फोटो त्या पाण्याचे निघतात. पाण्याच्या पलीकडे गर्द झाडीतून वर आलेला, डोक्यावर कातळाचं सपाट टोपण ठेवलेला एक डोंगर असतो. तो फोटोत येतो, पण त्याचं नाव विचारणारे क्वचितच भेटतात. तो कमळगड.

उंची ४५११ फूट. म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारपेठेच्या जवळपास बरोबरीने. शनिवार-रविवारी पसरणीचा घाट गाड्यांनी भरून वाहत असतो. तिथून हाकेच्या अंतरावरच्या या डोंगरावर मात्र मी चार-पाच वेळा गेलो, आणि त्यातल्या दोन वेळा दिवसभरात गावकऱ्यांखेरीज दुसरं माणूस दिसलं नाही. या डोंगरावर लोकांनी यावं असं मला मनापासून वाटतं. पण धडधाकट उतरून घरी जावं, आणि माचीवर, म्हणजे माथ्याखालच्या सपाटीवर, राहणाऱ्यांना त्रास न होता जावं. म्हणून हे बैजवार लिहितो आहे.

आधी डोंगर समजून घ्या

वाईच्या पश्चिमेला कृष्णा आणि तिला मिळणारी वाळकी या दोन नद्यांच्या मधे एक लांब डोंगररांग धोमच्या पाण्यात नाक खुपसून बसली आहे. त्या रांगेचा सर्वांत उंच भाग म्हणजे कमळगड. दक्षिणेला कृष्णेचं खोरं: नांदगणे, बलकवडी आणि पार वरच्या टोकाला जोर. त्यापलीकडे भिंतीसारखी उभी पाचगणी-महाबळेश्वरची रांग. उत्तरेला वाळकीचं खोरं: वासोळे, तुपेवाडी, जांभळी. त्यापलीकडे केंजळगड आणि रायरेश्वराचं पठार.

एवढा नकाशा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. दाट झाडीत दिशा हरवली आणि एखाद्या मोकळ्या जागी बाहेर पडलात, तर समोर रायरेश्वराचं आडवं पठार दिसतंय की पाचगणीच्या घरांची रांग, एवढं बघितलं तरी तुम्ही रांगेच्या कुठल्या अंगाला आहात ते कळतं.

किल्ला म्हणून बघायला गेलात तर तटबुरुजांची अपेक्षा ठेवू नका. माथ्याला चारी बाजूंनी ताशीव कातळ आहे, तीच इथली तटबंदी. एप्रिल १८१८ मध्ये मेजर थॅचरच्या तुकडीने थोड्याशा प्रतिकारानंतर गड घेतला, आणि मराठ्यांच्या इतर गडांसारखाच हाही इंग्रजांकडे गेला. आज वर एखाददुसरा चौथरा आणि विखुरलेले दगड एवढंच उरलं आहे. बघायला यायचं ते जंगल, खोऱ्याचा देखावा आणि गेरूच्या विहिरीसाठी. विहिरीबद्दल पुढे सविस्तर.

कुणाला जमेल

पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ जवळपास दोन हजार फुटांचा आहे. रोज तासभर चालणारा, न थांबता पाच-सहा मजले चढणारा माणूस हे आरामात करतो. आमच्यात एकदा साठी ओलांडलेले एक काका होते, सगळ्यांत शेवटी पोहोचले, पण पोहोचले. गुडघे दुखत असतील तर काळजी उतरताना घ्यायची आहे, चढताना नाही. दहा वर्षांच्या वरची, डोंगरात फिरलेली मुलं चालतील. कडेवर घेण्याच्या वयाचं मूल आणू नका, कारण शेवटच्या कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे लागतात.

कधी जावं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी. यात माझी पसंती नोव्हेंबरला. गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं, झऱ्यांना पाणी असतं, धोमचं धरण काठोकाठ असतं आणि पहाटे खोऱ्यात धुकं साचून सगळे डोंगर बेटांसारखे वर आलेले दिसतात.

फेब्रुवारीपासून ऊन चढतं आणि गवत काडीसारखं होतं. तेव्हा वणव्याची भीती खरी असते. एक जळती काडी खाली पडली की डोंगराची अख्खी सोंड काळी होते. गवताबरोबर पक्ष्यांची घरटी, कारवीची झुडपं आणि जनावरांचा चाराही जातो. सिगारेट, शेकोटी, स्टोव्ह यातलं काहीच या दिवसांत वर नको. मे महिन्यात करवंदं-जांभळांसाठी जायचं असेल तर पहाटे निघून दहाच्या आत माथ्यावरून परत फिरा.

पावसाळ्यात पहिल्यांदा येऊ नका. जोरचं खोरं महाबळेश्वरच्या पायाशी आहे. वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा याच रांगांवर कोसळतो. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, ओढे तासाभरात फुगतात, जांभ्याच्या दगडावर शेवाळ चढतं. एका ऑगस्टमध्ये आम्ही हट्टाने गेलो आणि माचीच्या अलीकडे दीड तास गोल फिरत राहिलो. शेवटी शेळीच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावर वस्ती सापडली. ती घंटा वाजली नसती तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आदल्या दिवशी

पाणी माणशी तीन लिटर. यात काटछाट नको. वाटेवर झरे आहेत, पण डिसेंबरनंतर त्यांच्यावर विसंबू नये, आणि वस्तीचं पाणी हे वस्तीचं असतं. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घालून ठेवा. दुपारी पायात गोळे आले की त्याची किंमत कळते.

जेवणाला दशम्या, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. हे दुपारपर्यंत खराब होत नाही आणि पिशवीत सांडत नाही. सोबत खजूर, गूळ-शेंगदाणे. चिप्सची पाकिटं कमी न्या. ती तहान वाढवतात आणि त्यांचं प्लास्टिक वाऱ्याने उडून खाली पाण्यात जातं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, फुल पँट. कारवी आणि काटेरी झुडपांतून वाट जाते, हाफ पँटवाल्यांच्या पिंढऱ्या संध्याकाळी ओरबाडून निघालेल्या असतात. बुटांचा तळ धरणारा हवा. रस्त्यावर चालायचे गुळगुळीत तळाचे बूट उतरताना मुरमावर हमखास घसरतात. अत्तर, डिओ, वासाचं तेल त्या दिवशी लावू नका. कारण मधमाश्या, त्याचं पुढे सांगतो.

प्रत्येकाकडे बॅटरी हवी. मोबाइलचा उजेड नव्हे, वेगळी बॅटरी. एक म्हणजे ती विहिरीसाठी लागते आणि दुसरं, डोंगरात उशीर सांगून होत नाही. खोऱ्यात रेंज येते-जाते, तेव्हा नकाशा घरीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या. पण नकाशातली बारीक वाट म्हणजे पक्की वाट, असं धरून चालू नका.

घरच्यांना कुठल्या गावातून चढणार, कधीपर्यंत फोन करणार, आणि तो आला नाही तर किती वाजता चौकशी सुरू करायची, हे लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरतं.

वाईपर्यंत आणि वाईच्या पुढे

साताऱ्याहून वाई पस्तीसेक किलोमीटर. पुण्याहून येणाऱ्यांनी महामार्गावर सुरूर फाट्याला वळायचं. पाचगणीत उतरला असाल तर पसरणी घाट उतरून बारा-तेरा किलोमीटरवर वाई. सकाळी सहाला पाचगणी सोडली तर घाट मोकळा मिळतो.

पायथ्याची गावं दोन. दक्षिणेकडून नांदगणे, उत्तरेकडून वासोळे आणि त्याच्या वरची तुपेवाडी. दोन्हीकडे वाईहून धोमच्या जलाशयाच्या काठाने रस्ता जातो. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. आदल्या दिवशी वाई स्थानकावर चौकशीच्या खिडकीत जाऊन सकाळची गाडी आणि परतीची शेवटची गाडी, दोन्ही विचारा. परतीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. त्या दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या एका आकड्यावरून मागे मोजायचं असतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी वासोळ्याची बाजू सांगतो. कारण साधं आहे: थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नांदगण्याचा उतार दक्षिणेला असल्यामुळे त्याला ऊन सकाळपासून तोंडावर बसतं, तर वासोळ्याची बाजू उत्तरेची, सावलीची. नोव्हेंबरात सकाळी आठला या उतारावर अंगावर काटा येईल इतका गारवा असतो. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं, पण मग गाडी एका खोऱ्यात आणि तुम्ही दुसऱ्या. मधे अख्खा डोंगर आणि धरणाचा फुगवटा. पहिल्या खेपेला आल्या वाटेनेच परत या.

गावात शिरताना

गाडी कुणाच्या खळ्यात, भाताच्या वाटेत किंवा देवळासमोर लावू नका. विचारा. “काका, गाडी इथं लावली तर चालंल का?” एवढं पुरतं. वर जाताय असं सांगा, किती जण आहात तेही सांगा. हे केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे. संध्याकाळी तुम्ही उतरला नाहीत हे सगळ्यांत आधी गावाच्याच लक्षात येणार आहे.

वाटाड्या मिळत असेल तर घ्या. पैसे आधी मोकळेपणाने ठरवा आणि दुपारच्या डब्यात त्याचा वाटा धरा. मला वाटा माहीत आहेत, तरी मी शक्यतो सोबतीला कुणी घेतोच. कारण वाट दाखवण्यापलीकडे ती माणसं डोंगर दाखवतात. एका पोराने मला हिरड्याचं झाड सालीवरून ओळखायला शिकवलं. त्याच्या आजीकडे हिरडे गोळा करण्याचं काम असे. पुस्तकात शंभर वेळा चित्र पाहूनही ते मला साधलं नव्हतं.

चढ: पहिला टप्पा

गावामागची शेतं संपली की लगेच अंगावर येणारा चढ सुरू होतो. इथेच बहुतेक जण चूक करतात. गप्पा मारत झपझप निघतात आणि वीस मिनिटांत दम लागून बसतात. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, इतकं की चालता चालता सलग वाक्य बोलता यावं. तासाला हजार फूट चढलात तर ती चांगली चाल झाली. त्या हिशेबाने विश्रांती धरून माथ्यापर्यंत अडीच-तीन तास ठेवा. आम्हाला पावणेतीन लागले होते, काकांना साडेतीन.

या टप्प्यात वाट चुकवतात त्या ढोरवाटा. गुरं रोज चरायला जातात आणि त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा रुंद दिसतात. ओळखायची खूण मी एका गुराख्याकडून शिकलो: समोर बघू नका, वर बघा. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या, बाजूला झालेल्या असतात. ढोरवाटेवर छातीच्या वर झाडी मिटलेली असते, कारण गुरं खालून निघून जातात. फांद्या तोंडावर येऊ लागल्या की थांबायचं. शिवाय ढोरवाटा चढत नाहीत, उताराला आडव्या पळतात आणि थोड्या अंतरावर तीन-चार होऊन फुटतात.

वाट चुकली असं वाटलं तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा. “पुढं लागंलच” म्हणत रेटू नका. आणि ओढ्याच्या पात्रातून कधीही खाली उतरू नका. सह्याद्रीतला ओढा कुठे ना कुठे कड्यावरून उडी घेतो, आणि तुम्ही त्या कड्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तो दिसत नाही.

माची आणि जंगल

सोंडेवर पोहोचलात की चढ मऊ होतो. गोरक्षनाथाचं छोटं देऊळ ही इथली ओळखीची खूण. वाटाड्या नसेल तर गावातूनच देवळाची दिशा नीट विचारून घ्या. देवळात बसा, पाणी प्या, चप्पल-बूट बाहेर ठेवा.

इथून पुढचं जंगल हा माझ्या दृष्टीने या डोंगराचा सर्वांत सुंदर भाग. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा. वर झाडांचे शेंडे मिटतात आणि दुपारी बारालाही खाली हिरवट काळोख राहतो. अंजनीच्या खोडाला एप्रिलच्या सुमारास जांभळी-निळी फुलं थेट बुंध्यापासून लगडतात. झाडांखाली कारवी. ती सात वर्षांतून एकदा फुलते, आणि तिच्याच काठ्या उभ्या लावून, वरून शेणमातीचा गिलावा देऊन डोंगरातल्या घरांचे कुड बांधतात. काठी लागते म्हणून कारवी तोडू नका, गावातूनच एखादी मागून घ्या.

या झाडीत शांत चाला. शेकरू असतं, त्याचा खडखडाट वरून येतो. गवे आहेत. गवा दिसला तर जागीच थांबा, त्याला जायला वाट द्या, फोटोसाठी जवळ जाऊ नका. समोरून बघत उभा राहिलेला गवा शांत दिसतो, म्हणून तो शांत असतोच असं नाही.

माचीवर धनगरांची वस्ती आहे. पहिल्या खेपेला आम्ही घराच्या अंगणातून सरळ पुढे निघालो होतो, तेव्हा आतून एका म्हातारीचा आवाज आला, “आरं पोरांनो, बसा की जरा. पानी तरी पिऊन जावा.” तिने पितळेच्या तांब्यात ताक आणून दिलं, मीठ घालून. पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. नंतर वाटाड्या म्हणाला, पैसे नकोत, पुढच्या वेळी चहापत्ती-साखर आणा. वरून बाजार म्हणजे उतरून जायचं आणि ओझं घेऊन चढायचं. तेव्हापासून पिशवीत पाव किलो चहापत्ती आणि किलोभर साखर माझ्याकडे ठरलेली. तुम्हीही आणा. मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका, आणि न विचारता घराचे, बायामाणसांचे फोटो काढू नका. जेवण किंवा चहा सांगून करून घेतलात तर मात्र त्याचे पैसे पूर्ण आणि आपणहून द्या.

कुत्री भुंकतील. ती शेळ्या-मेंढ्या राखणारी आहेत. धावू नका, घरातल्यांना हाक मारा.

शेवटचा कातळ

माचीनंतर माथ्याचा कातळ समोर येतो. कातळाच्या खाचेतून वर जाणारा छोटा टप्पा आहे. एका वेळी एकानेच चढायचं. तीन ठिकाणी पक्का आधार असल्याशिवाय चौथा हात किंवा पाय हलवायचा नाही. खाली उभ्या असलेल्यांनी सरळ रेषेत थांबू नये, दगड सुटतात. सॅक पाठीवर घट्ट बांधा, हातात मोबाइल-बाटली काही नको. दगड ओला असेल आणि मन धजत नसेल, तर माचीवरूनच परत फिरा. जंगल आणि वस्ती पाहून परत गेलेल्याचा दिवस फुकट गेला असं मला मुळीच वाटत नाही.

माथा आणि गेरूची विहीर

वर तीन-चार एकरांचं पठार. आधी कडेला न जाता मधे या आणि श्वास घ्या. वारा जोरात असतो, टोपी उडते आणि माणूस तिच्यामागे धावतो. कड्यापासून निदान दोन माणसांच्या उंचीइतकं लांब बसा.

उत्तरेला केंजळगडाचा कातळमुकुट आणि त्याला लागून रायरेश्वराचं पठार. पूर्वेला धोमचं पाणी आणि वाईच्या अंगाला पांडवगड. दक्षिणेला पाचगणी. आणि नैर्ऋत्येला, नीट पाहिलं तर, केट्स पॉइंटचा कडा. ज्या कठड्यावरून आजवर खाली बघत होतो तो इथून काडीएवढा दिसतो. धोमचं धरण साडेतेरा टीएमसीचं, बलकवडी चारच्या थोडं वर. हे आकडे पेपरात दर पावसाळ्यात वाचतो, पण त्या पाण्याखाली किती खोरं गेलं आहे ते इथून कळतं.

आता विहीर. माथ्यावर जांभ्याच्या खडकात खोल कापलेली एक चीर आहे, तिच्यात उतरायला पन्नासावर पायऱ्या. हीच गेरूची किंवा कावेची विहीर. उतरण्याआधी पाच मिनिटं वर सावलीत बसा. घामाने भिजलेलं अंग घेऊन थेट आत गेलात तर हुडहुडी भरते. बॅटरी लावा, एका हाताने भिंत धरा, पायऱ्या ओलसर आणि उंचीने कमी-जास्त आहेत.

दहा-बारा पायऱ्यांनंतर वाऱ्याचा आवाज बंद होतो. विसाव्या-पंचविसाव्या पायरीला अंगावरचं ऊन पूर्ण जातं आणि भिंती लाल होत जातात. आधी विटकरी, मग थेट कुंकवाच्या जवळ जाणाऱ्या. तळाशी बाजूंना कपारी आहेत आणि त्यांत ओला गेरू. मी दोन बोटांनी थोडा उचलला. लोण्यासारखा मऊ, बर्फासारखा गार, आणि बोटांच्या रेषांत असा बसला की वाईत येऊन साबणाने धुतल्यावरही नखांच्या कडेला लाल होता. आमच्या घरी दिवाळीत तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू बाजारातून पुडीत यायचा. तो मुळात असा डोंगराच्या पोटात ओला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. गेरू भरून नेऊ नका, भिंतीवर नावं कोरू नका. एका बोटाची ओली खूण पुरे.

हा गेरू इथे का, तेही सांगतो, कारण सगळा डोंगर त्यावरच बेतला आहे. खालचा डोंगर काळ्या बेसाल्टचा. माथ्यावर मात्र जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली आणि गंजासारखा लाल, भोकाभोकांचा दगड तयार झाला. पाचगणीचं टेबललँड तेच आहे. पावसाचं पाणी या भोकांतून खाली झिरपतं आणि जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर येऊन अडतं. मग ते बाजूने झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून झरे, दाट जंगल आणि धनगरांची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी नसून टोपणाच्या अगदी खाली आहेत. विहीर खणणारे त्याच मऊ लाल थरात शिरले.

मधमाश्या

याबद्दल घाई न करता वाचा. सह्याद्रीच्या कातळांना आग्या मोहोळं लागतात आणि डोंगरातले कितीतरी अपघात त्यांच्यामुळे होतात. आरडाओरडा, धूर, दगड मारणं आणि उग्र वास या चार गोष्टींनी त्या उठतात. माथ्यावर घोषणा देण्याची हौस असेल तर ती पायथ्याला उतरल्यावर भागवा.

उठल्याच तर हात झाडू नका, चिरडू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चिडतात. तोंड-डोकं कपड्याने झाकून दाट झाडीत शिरा आणि लांब जात राहा. कड्याच्या बाजूला पळू नका. नांग्या नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-डोळे सुजले, चक्कर आली तर एक मिनिटही न दवडता खाली आणि दवाखाना. ज्याला आधी माशी चावून त्रास झाला आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच डोंगरात यावं.

सापाचंही तेच: फुरसं, घोणस, झाडीत हिरवा चापडा. कपारीत न बघता हात घालू नका, दगडावर बसण्याआधी काठी आपटा. चावलाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२. रेंज नसेल तर वस्तीवर विचारा, कुठल्या दगडावर उभं राहिलं की फोन लागतो ते त्यांना ठाऊक असतं.

उतरणं

शेवटच्या गाडीच्या वेळेतून तीन तास वजा करा. त्या वेळेला माथा सोडायचाच, जेवण अर्धवट असलं तरी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पश्चिमेला महाबळेश्वरची भिंत उभी असल्यामुळे खोऱ्यातून ऊन त्याच्या आधीच जातं, आणि जंगलात अंधार त्याच्याही आधी पडतो.

उतरताना गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. मुरमावर टाच आपटत उतरलं की पाय सुटतो. नखं आदल्या दिवशी कापलेली हवीत, नाहीतर अंगठे काळे होतात. सर्वांत मागे अनुभवी माणूस ठेवा, आणि त्याच्याही मागे कुणी राहू देऊ नका.

वेळ उरला तर धोमला नृसिंहाचं देऊळ आणि कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी बघा, किंवा मेणवलीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसा. दोन्ही वाईच्या वाटेवरच आहेत.

पण त्याआधी, सकाळी ज्यांना सांगून चढलात त्या घरासमोर गाडी थांबवा आणि सगळे उतरलो एवढं सांगून या. मागच्या खेपेला आम्ही घाईत विसरलो आणि धोमपर्यंत आल्यावर फोन आला, “आलासा का समदे खाली? म्हातारी इचारतीया.” माचीवरून तिने बॅटऱ्यांचे उजेड मोजले होते आणि तिच्या हिशेबात एक कमी भरत होता. आमच्यातल्या एकाची बॅटरी वाटेत बंद पडली होती.